मैना फायनल

स्नेहलचं लग्न झालं त्या वर्षाच्या दिवाळीतली ही गोष्ट. लग्न त्याआधी दोनदा ठरून लांबलं होतं, कारण तेव्हा पन्नासावर माणूस बोलवायला परवानगी नव्हती आणि जोतीराम गवळ्यांच्या घरात नुसते चुलतेच साठ होते. शेवटी मोकळीक मिळाली, सगळे साठ जेवून गेले, पोरगी मुरगूडला नांदायला गेली. म्हणजे साल दोन हजार बावीस.

लग्न वैशाखात झालं आणि ज्येष्ठात जोतीराम फटफटीवरून पडले. खुबा गेला. डॉक्टरांनी नवा खुबा बसवला आणि हातात काठी दिली. "दोन चाकांवर पुन्हा बसायचं नाही," असं बजावलं. जोतीरामांनी मान हलवली, कारण फटफटी दारात उभी होती आणि डॉक्टर काही रोज दारात येणार नव्हते. पण ते दवाखान्यात होते त्या पंधरा दिवसांतच त्यांच्या मुलानं, आदर्शनं, फटफटी भंगारवाल्याला देऊन टाकली आणि तिच्या जागी एक जुनी पांढरी मोटार आणून उभी केली. आदर्शचं चौकात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. कॉम्प्युटर येत असल्यामुळे घरातलं कुणी त्याला फारसं विचारत नसे.

फटफटी गेली याचं दुःख जोतीरामांना झालं, पण त्याचा अर्थ त्यांना कळला तो नवरात्रात, चहाच्या गाड्यावर.

कोल्हापुरातल्या त्यांच्या गल्लीत पाडव्याला म्हशी पळवतात. म्हशीची शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगरं बांधायची, कपाळावर मोरपिसं लावायची आणि मालकानं सायलेन्सर काढलेली फटफटी दणदणवत पुढं जायचं. आपल्या मालकाच्या गाडीचा आवाज ओळखून म्हैस मागं पळत येते. तालमीपासून पिंपळापर्यंतचा रस्ता, दोन्ही बाजूला माणसं. कुणाची म्हैस कशी पळाली, यावर त्या माणसाला वर्षभर गल्लीत काय भाव मिळायचा ते ठरतं. जोतीरामांची मैना सात वर्षं पळत होती आणि सात वर्षं जोतीरामांना चहाच्या गाड्यावर बसायला जागा मिळत होती.

"औंदा मैना कुणामागं पळणार, जोतीबा?" गणपतरावांनी विचारलं. गणपतरावांचा गोठा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. म्हशी अकरा, पण पळणारी एकही नाही. मैनेवर त्यांचा सात वर्षांपासून डोळा होता.

"कुणामागं म्हंजे? माझ्यामागं."

"तू तर काठीमागं चालायलाईस."

गाड्यावरचे सगळे हसले. चहावालाही हसला, आणि तेच जोतीरामांना लागलं.

"गणपा, म्हस फटफटीमागं पळत न्हाय. मालकामागं पळती. आणि म्हस ज्याच्यामागं पळती, ती त्याची. माझ्यामागं न्हाय पळाली, तर तुझ्या गोठ्यात आणून बांधतो."

"समद्यांनी ऐकलंय," गणपतराव म्हणाले आणि उठून गेले. चहाही अर्धा टाकून गेले. माणूस असा अर्धा चहा टाकून जातो तेव्हा त्याला काहीतरी पुरेसं मिळालेलं असतं.

जोतीराम घरी आले तेव्हा त्यांची बायको धोंडुबाई मैनेला आंबोण घालत होत्या. मैना चार दिवसांची असताना तिची आई गेली होती. तेव्हापासून बाटलीनं दूध पाजून, अंगणात पोत्यावर झोपवून धोंडुबाईंनी तिला वाढवली होती. जोतीरामांनी शब्द दिल्याचं सांगितलं. धोंडुबाईंनी घमेलं खाली ठेवलं.

"मला इचारलंसा?"

"त्यात काय इचारायचं? पळंल की ती."

"कशामागं? फटफटी भंगारात. तुमी काठीवर. मैना काय तुमच्या मिशीमागं पळणार हाय?"

"आदर्श करंल कायतरी."

"मग आदर्शलाच धार काढायला सांगा. पाडव्याला मी रस्त्यावर येणार न्हाय. तुमचं तुमी बघा."

धोंडुबाई दर वर्षी पाडव्याला पिंपळाखाली बादली घेऊन उभ्या असायच्या. पळून आलेल्या मैनेला पाणी पाजायला. यंदा त्या येणार नाहीत, याची कुणी फिकीर केली नाही. पाणी काय, कुणीही पाजलं असतं.

आदर्शनं कायतरी केलं. गेल्या पाडव्याला त्यानं पिंपळाखाली, आईशेजारी उभं राहून मोबाईलवर चित्रण केलं होतं. पंचेचाळीस सेकंदांचं. फटफटी लांबून येते, जवळ येते, थांबते.

"आण्णा, फटफटी गेली, पर आवाज हाय की," तो म्हणाला. "हेच गाडीच्या टेपवर मोठ्यानं लावायचं. तुम्ही पुढच्या शिटावर बसायचं. मैना मागनं पळत येती का न्हाई बघा."

"लाव मग."

लावणं इतकं सोपं नव्हतं. मोटार जुनी, तिच्यातला टेपही जुना. पेन ड्राइव्ह लावायची खाच आधीच्या मालकाच्या नातवानं चमचा घालून कायमची बंद केलेली. वायरशिवाय आवाज घेण्याची सोय त्या टेपच्या काळात निघालेली नव्हती. त्याला एकच गोल भोक होतं. आणि आदर्शचा मोबाईल इतका नवा, की त्याला गोल भोकच नव्हतं. एक वस्तू फार जुनी, एक फार नवी. दोघांच्या मधल्या वयाची, गोल भोक असलेली वस्तू घरात एकच होती: दुकानातला कॉम्प्युटर.

"म्हंजे त्यो डबा गाडीत ठेवायचा?" जोतीरामांनी विचारलं.

"कॉम्प्युटरचा आवाज टेपला जोडायचा. मोठ्या लोकांच्या गाडीत आता असंच असतंय."

आदर्शला मोठे लोक माहीत नव्हते, पण जोतीरामांनाही नव्हते, त्यामुळे ते पटलं.

आधी आदर्शनं आवाज साफ करायला घेतला. चित्रणात नुसती फटफटी नव्हती. लोकांच्या शिट्ट्या होत्या, घुंगरं होती, आणि शेजारीच उभ्या असलेल्या धोंडुबाईंचा आवाज तर मोबाईलच्या कानातच होता. आधी त्या मैनेला हाका मारत होत्या, मग शेजारच्या बाईशी चार शब्द बोलत होत्या. शेवटी फटफटी थांबल्यावर जोतीरामांचा आवाज यायचा, "पळाली का न्हाई? बघ की." हे सगळं आदर्शच्या दृष्टीनं कचरा. दुकान बंद ठेवून दोन दिवस बसून त्यानं तो आवाज निवडला, आई तांदूळ निवडते तसा. फरक एवढाच, की त्यानं तांदूळ टाकले आणि खडे ठेवले. शेवटी उरला तो फटफटीचा निखळ दणका. त्या फाइलीला त्यानं नाव दिलं 'मैना फायनल'. मूळच्या फाइलीला नाव दिलं 'मैना घाण'. दोन्ही एकाखाली एक राहिल्या.

वसुबारसेच्या दिवशी मोटार गोठ्याच्या तोंडाशी मागं घेतली. कॉम्प्युटर मागच्या शिटावर, इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी डिकीत. 'मैना फायनल' लावलं. मोटारीच्या चारी दारांतून फटफटी बोलू लागली. शेजारचं कुत्रं पळालं. पत्र्यावरची कबुतरं उडाली. मैनेनं मान वळवून एकदा मोटारीकडं बघितलं, मग पाठ फिरवली आणि शेण टाकलं.

"आवाज कमी पडतोय," आदर्श म्हणाला.

"तिनं सांगितलं न्हवं काय ते," आतून धोंडुबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जावई आले. पहिला दिवाळसण. विश्वजित मुरगूडचे, मंडपाचा आणि साउंडचा धंदा. त्यांचं साउंड लावलं की लग्नघराच्या भिंतीवरचं घड्याळ पडतं, हे ते स्वतःच कौतुकानं सांगायचे. त्यांनी गोठ्यापाशी उभं राहून 'मैना फायनल' डोळे मिटून ऐकलं.

"बेस न्हाई," ते म्हणाले.

"म्हंजे?" जोतीरामांनी विचारलं.

"आण्णा, जनावराला आवाज कानानं कळत न्हाई, छातीनं कळतोय. ह्यात छातीच न्हाई."

स्नेहल दारातून म्हणाली, "अहो, ती म्हस हाय. वरात न्हवं."

पण पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयाला कुणी नको म्हणत नाही. विश्वजितनं मुरगूडहून टेम्पो बोलावला. मोटारीच्या टपावर दोन भोंगे चढले. मागच्या शिटावर बेसची पेटी आली. ती एवढी मोठी होती, की ती ठेवल्यावर मागच्या शिटावर आदर्श आणि कॉम्प्युटरचा डबा कसेबसे मावले. पडद्याला जागा उरली नाही.

"पडदा नसंल तर दिसणार कसं?" स्नेहलनं विचारलं.

"दिसायचं काय त्यात?" आदर्श म्हणाला. "मला पाठ हाय. चालू झाला की फोल्डर उघडतंय. खालचं बटण तीनदा दाबायचं, मग एन्टर. मैना फायनल."

दुकानात दिवसभर लोकांचे फॉर्म भरणारा माणूस आंधळेपणानं बटणं दाबायला तयार होता, यात गल्लीतल्या कुणालाच नवल वाटलं नाही. ज्यांचे फॉर्म त्यानं भरले होते त्यांना तर अजिबात नाही.

पाडव्याला तालमीपुढं माणूस मावत नव्हता. गणपतराव पांढरा फेटा बांधून आले होते आणि त्यांच्या हातात नवं कोरं दावं होतं. त्यांनी ते खांद्यावर टाकलं नव्हतं, सगळ्यांना दिसेल असं हातात धरलं होतं. मैना सजून उभी होती. तिला सजवलं मात्र धोंडुबाईंनीच होतं. शिंगांना तांबडा रंग, कपाळावर मोरपिसं. मग "जा बाई," एवढंच म्हणून त्या घरात गेल्या होत्या.

फटफट्या झाल्या. बाकीच्यांच्या म्हशी पळाल्या. मग पांढरी मोटार रस्त्याच्या मधोमध आली. चालवायला विश्वजित, शेजारी जोतीराम, काठी गुडघ्यांत. मागं पेटीच्या आणि दाराच्या मध्ये आदर्श, मांडीवर कॉम्प्युटरची बटणं.

"लाव," जोतीराम म्हणाले.

आदर्शनं बटण दाबलं. भोंग्यांतून मंगलाष्टकं सुरू झाली.

ती स्नेहलच्या लग्नातली होती. गर्दीतल्या दोन म्हाताऱ्यांनी सवयीनं हात वर करून अक्षता टाकल्यासारखं केलं. गणपतराव म्हणाले, "म्हशीचं लगीन लावायलाईस व्हय रं जोतीबा?"

"आरं आदर्शा," जोतीराम मागं न बघता म्हणाले.

"थांबा, एक कमी दाबलं."

त्यानं पुन्हा दाबलं. या वेळी फटफटी आली. टपावरचे भोंगे दणाणले, बेसची पेटी धडधडली, तालमीच्या खिडकीची काच थरथरली. विश्वजितनं समाधानानं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. मोटार वीस पावलं पुढं गेली. मैना जागची हलली नाही. ती रवंथ करत होती आणि मोटारीकडं अशी बघत होती, जसं एखादं माणूस दुसऱ्याच्या घरातल्या भांडणाकडं बघतं.

"आवाज वाढवा," विश्वजित म्हणाले. आवाज वाढला. मैनेनं कान खाली पाडले.

गणपतराव पुढं आले. नव्या दाव्याचा फास त्यांनी हातात मोकळा केला. जोतीरामांनी आरशात ते बघितलं. खुबा मोडला तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. मैना जाणार, हे त्यांना त्या घडीला कळलं. आणि घरी जाऊन ते कुणाला सांगायचं आहे, हेही कळलं.

"आदर्शा, कायतरी कर रं," ते हळूच म्हणाले.

आदर्शनं बटणं मांडीवर नीट सरकवली. त्यानं तेच पुन्हा पहिल्यापासून लावायचं ठरवलं आणि खालचं बटण तीनदा दाबण्याऐवजी चारदा दाबलं.

क्षणभर खरखर झाली. मग टपावरच्या दोन्ही भोंग्यांतून, साऱ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात, धोंडुबाई बोलल्या:

"मैनेऽऽ, ये गं माज्या बाई. ये, ये. हां. ये गं."

मैनेची रवंथ थांबली. तिचे कान उभे राहिले. मग ती जी सुटली, ती गणपतरावांच्या हातातलं दावं शिंगात अडकवून घेऊनच सुटली. घुंगरं वाजली, माणसं बाजूला झाली, शिट्ट्या पडल्या. मैना मोटारीमागं पळत होती. सात वर्षांत पळाली नव्हती तशी पळत होती, कारण सात वर्षांत धोंडुबाईंनी तिला इतक्या मोठ्यानं कधी हाक मारली नव्हती.

"पळाली," जोतीराम म्हणाले आणि काठी खिडकीबाहेर काढून हलवली.

हाका झाल्या. आता फाइलीत पुढचं आलं. शेजारच्या बाईशी बोललेलं.

"आमचं हे पडत्यात बग येक दिवस त्या फटफटीवरनं. आणि लोक म्हशीला नाव ठेवत्याली."

गर्दी हसली. जोतीरामांनी काठी आत घेतली.

"आणि त्यो गणपतराव. अकरा म्हशी, आणि गोठ्यातच नळ. दूध कमी पडतंय कसं त्येचं?"

गर्दीनं वळून गणपतरावांकडं बघितलं. त्यांतली निम्मी माणसं रोज सकाळी त्यांच्याकडूनच दूध घेत होती. मग फटफटीचा दणका, मग जोतीरामांचं "पळाली का न्हाई? बघ की", आणि मग पुन्हा पहिल्यापासून, "मैनेऽऽ, ये गं माज्या बाई." आदर्शनं आवाज संपला की आपोआप पुन्हा सुरू व्हावा अशी व्यवस्था केली होती. ती मात्र बिनचूक झाली होती.

पिंपळ आला. इथं थांबायचं होतं.

"बंद कर आता," विश्वजित म्हणाले.

आदर्शनं एक बटण दाबलं. आवाज वाढला. दुसरं दाबलं. आणखी वाढला.

"दाजी, दिसत न्हाई मला काय."

"मग मी गाडी थांबवतो."

"थांबवू नका," जोतीराम ओरडले. ते आरशात बघत होते. आरशात मैनेची तांबडी शिंगं डिकीच्या काचेपासून हातभर होती. "थांबलासा तर आत यील ती."

पिंपळ मागं पडला. त्याखाली यंदा कुणी बादली घेऊन उभं नव्हतं. मोटार हमरस्त्याला लागली, मागं मैना, मैनेमागं गल्लीतल्या फटफट्या. रस्त्याच्या दुतर्फा पाडव्याची खरेदी करणारी माणसं थांबून ऐकत होती. पंचेचाळीस सेकंदांनी एकदा, कोल्हापूरच्या दक्षिणेकडच्या प्रत्येक चौकाला कळत होतं, की गणपतरावांच्या गोठ्यात नळ आहे.

"वायर उपट," विश्वजित म्हणाले.

आदर्शनं हाताला लागली ती वायर उपटली. ती बेसच्या पेटीची निघाली. धडधड बंद झाली आणि धोंडुबाईंचा आवाज पहिल्यापेक्षा स्वच्छ येऊ लागला. एक एक अक्षर ऐकू येऊ लागलं.

"आता चांगलं वाटतंय की," जोतीराम म्हणाले. जावयांनी नुसता गिअर बदलला. दिवाळसण त्यांच्यापुरता तिथंच संपला होता.

कळंब्याला तुरुंगाच्या दारासमोर इन्व्हर्टरची बॅटरी संपली. "मैनेऽऽ, ये गं मा..." इतकं होऊन आवाज गेला. एकदम इतकी शांतता झाली, की विश्वजितचा पाय नको तिथं पडला आणि मोटारही बंद पडली. मैना थांबली. तिनं मोटारीला एक वळसा घातला. चारही खिडक्यांतून आत हुंगलं. जोतीरामांचा कान हुंगला. जिला शोधत होती ती आत नाही, याची खात्री पटल्यावर ती रस्त्याच्या मधोमध बसली.

तुरुंगाच्या दारातून पहारेकरी बाहेर आला. "पावणं, हितं थांबायचं न्हाय."

"आमी थांबलो न्हाय," जोतीराम म्हणाले. "ती थांबलीय."

"मग उठवा की तिला."

जोतीरामांनी हाक मारली. आदर्शनं मारली. जावयांनी छातीतून, बेसमध्ये मारली. मैना बसूनच. तोवर फटफट्या येऊन पोचल्या. पहिल्यावर गणपतराव होते, एका पोराच्या मागं बसलेले. फेटा सुटला होता. ते खाली उतरले आणि मैनेच्या शिंगाला अडकलेलं आपलं दावं त्यांनी धरलं.

"जोतीबा, समद्यांनी ऐकलंय. गावानं ऐकलंय. आवाज कुणाचा हुता?"

जोतीराम काठी टेकत मोटारीतून उतरले.

"वहिनींचा हुता. फटफटी लावलीस तवा म्हस हलली तरी का? न्हाई. म्हंजे ती तुझ्यामागं पळालीच न्हाई. आणि सात वर्सं पिंपळाखाली कोण उभं असायचं, ते आज मला कळलं. तुला कळलं का न्हाई?"

जोतीरामांना कळलं होतं. मघाशी, गर्दीत, सगळ्यांबरोबरच कळलं होतं. सात वर्षं ते फटफटीवर बसून पुढं जात होते आणि म्हैस त्यांच्या मागं नाही, त्यांच्या पलीकडं पळत होती. ते फक्त मध्ये होते.

"ठरलंय ते ठरलंय," ते म्हणाले. त्यांनी मैनेच्या पाठीवर हात ठेवला. "घिऊन जा तिला."

गणपतरावांनी दावं ओढलं. मैना उठली नाही. त्यांनी पुन्हा ओढलं. पहारेकऱ्याला मजा वाटू लागली होती. तो दाराला टेकून उभा राहिला.

तेवढ्यात रिक्षा आली. धोंडुबाई उतरल्या. हातात बादली. घरात बसून त्यांनी स्वतःचाच आवाज गल्लीतून जाताना ऐकला होता, मग हमरस्त्यानं लांब लांब जाताना ऐकला होता, आणि आपण घरात असताना आपण कळंब्याकडं कुठं चाललोय हे बघायला त्या रिक्षा करून निघाल्या होत्या. त्यांच्याबरोबर स्नेहल होती.

"मैने," धोंडुबाई म्हणाल्या. मोठ्यानं नाही. घरात कुणाला तरी पाणी दे म्हणावं तसं.

मैना उठली आणि जाऊन बादलीत तोंड घातलं. गणपतराव दाव्यासकट चार पावलं ओढले गेले.

"हे काय चाललंय?"

"वहिनी, मैना माझी झाली," गणपतराव म्हणाले. "जोतीबानं शब्द दिलाता. इचारा त्यालाच."

"काय शब्द दिलाता? नीट सांगा. समद्यांम्होरं सांगा."

"म्हस ज्याच्यामागं पळती, ती त्याची. जोतीबामागं न्हाई पळाली, तर माझ्या गोठ्यात."

"आणि ती कुणामागं पळाली?"

"तुमच्यामागं. तेच तर मी मघापास्नं..."

गणपतराव थांबले. पहारेकरी हसला.

"म्हस ज्याच्यामागं पळती ती त्याची," धोंडुबाई म्हणाल्या. "मग ती आज माझी झाली न्हाई. सात वर्सं झाली माझी हुती. ह्यांनी दुसऱ्याची म्हस तुमास्नी दिली. ह्यांच्याकडं म्हशीच न्हाईत, देणार कशी? मी तुमाला शब्द दिलाय काय?"

"न्हाई, पर..."

"मग सोडा दावं."

गणपतरावांनी माणसांकडं बघितलं. सगळी माणसं पहारेकऱ्याकडं बघत होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडं कुणी न्याय मागत होतं, तोही दाराच्या या बाजूला.

"बाई बरोबर बोलायल्यात," तो म्हणाला. "आणि पावणं, आता रस्ता मोकळा करा."

गणपतरावांनी दावं सोडलं. धोंडुबाईंनी ते मैनेच्या शिंगातून काढून, नीट गुंडाळून त्यांच्या हातात दिलं.

"आणि नळाचं मी बोललो," त्या म्हणाल्या, "ते काय रागानं न्हाई बोललो. बघून बोललो."

मोटार चालू होईना. आदर्श म्हणाला, मैनेला दोर बांधला तर ती ओढेल. धोंडुबाईंनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. "बैल हाय व्हय ती? ढकला."

मग सगळे परत निघाले. पुढं बादली घेऊन धोंडुबाई, त्यांच्या मागं मैना, मैनेच्या मागं पांढरी मोटार. मोटार ढकलायला जावई आणि आदर्श, आणि एका हातात काठी घेऊन, दुसरा हात डिकीला लावून जोतीराम. सकाळी मैना मोटारीमागं गेली होती, दुपारी मोटार मैनेमागं आली. अर्ध्या वाटेत जोतीराम दमले आणि थांबले. पुढं न बघताच धोंडुबाईही थांबल्या, मैनाही थांबली.

"बसा गाडीत," त्या म्हणाल्या. "हे दोघं ढकलत्यात."

जोतीराम बसले. तालमीपाशी चहावाल्यानं त्यांना विचारलं, "काय आण्णा, म्हस कुणाची म्हणायची मग?"

"म्हस तिची," जोतीराम खिडकीतून म्हणाले. "आणि ज्याच्यामागं पळतंय त्याचं, असं म्हटलं, तर ही गाडी, हे जावई, ह्यो आदर्शा आणि मी, सगळं तिचंच."

त्यांनी ते हसत सांगितलं. चहाच्या गाड्यावरची त्यांची जागा गेली नाही, उलट त्या बोलण्यामुळं पक्की झाली. गणपतरावांनी मात्र पुढच्या महिन्यात गोठ्यातला नळ काढून अंगणात घेतला. दूध आणखी कमी झालं, पण घट्ट झालं.

त्यानंतर दोन पाडवे झाले. दोन्ही वेळा धोंडुबाई मोटारीत पुढं बसल्या आणि खिडकीतून तोंडानं हाक मारली. ना कॉम्प्युटर, ना भोंगे. जोतीराम पिंपळाखाली बादली घेऊन उभे राहायचे आणि मैना पोचली की सगळ्यांना विचारायचे, "पळाली का न्हाई?"

कॉम्प्युटर पुन्हा दुकानात गेला. आदर्शनं जागा करायला जुन्या पुष्कळ फाइली काढून टाकल्या, त्यात 'मैना फायनल' गेली. 'मैना घाण' ठेवली आहे. महिन्या-दोन महिन्यांनी धोंडुबाई दुकानात येतात, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, आणि म्हणतात, "ते घाण लाव बघू." स्वतःच्या हाका सुरू असताना त्या रस्त्याकडं बघत बसतात. शेवटची पाच सेकंदं तेवढी पुढं वाकून ऐकतात.

जोतीराम गवळी दोन हजार पंचवीस सालच्या किंक्रांतीला, सकाळची धार निघायच्या वेळेला वारले.